रिकाम्या खुर्चीचं माप

बर्फावरच्या सुट्टीची चौकशी करायला फोन केला की माणसं काय विचारतात? हॉटेल कसं आहे, खोलीत हीटर आहे का, खिडकीतून डोंगर दिसतो का. लिफ्टवालीने विचारलं, “तुमच्या डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याची बैठक खालच्या बर्फापासून किती सेंटिमीटर उंच आहे?”

पलीकडची मुलगी घसा साफ करून म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव आहे.”

“असेल. मला पाळण्याचं माप हवंय. लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला फोन द्या.”

“ते डोंगरावर असतात, मॅडम.”

“मग तुम्ही कुठे असता?” असं म्हणून लिफ्टवालीने फोन ठेवला आणि वहीतल्या त्या नावावर काट मारली. अशी सहा नावं गेली होती.

एकतीस वर्षं ती इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत होती. अख्खी गल्ली तिला लिफ्टवाली म्हणायची, आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या तिच्या नवऱ्याला मास्तर. बाई तोंडाची फटकळ आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. पण या वेळचा हट्ट तिचा नव्हता, लेकीचा होता, आणि लेक म्हणजे आईची सवाई.

तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात लेकीच्या कमरेखालची ताकद गेली. वय तेवीस. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, ते काम बसून करायचं असल्यामुळे तेवढं राहिलं. व्यायामाच्या केंद्रातल्या एका बाईंनी तिला एकदा बर्फावरच्या घसरखुर्चीत बसवलं. म्हणजे खाली एकच रुंद पट्टी, वर स्प्रिंग, स्प्रिंगवर बैठक, आणि दोन्ही हातांत टोकाला छोट्या पट्ट्या लावलेल्या काठ्या. पोरगी आईसमोर उतारावरून सुसाट खाली आली, चेहरा नुसता खुललेला. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःसाठी तसली खुर्ची मागवली.

मग गेल्या हिवाळ्यात सगळे मोठ्या थाटात एका नावाजलेल्या डोंगरावर गेले. “आमच्याकडे सगळी सोय आहे,” असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. सोय म्हणजे काय? चार दांडगे बाप्ये. त्यांनी लेकीला खुर्चीसकट उचललं आणि सामान ठेवावं तसं पाळण्यात ठेवलं. एकाचा हात तिच्या काखेत, एकाचा मांडीखाली. शिवाय रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या, आई,” ती परतीच्या वाटेवर म्हणाली होती. “मी पाळण्यात बसले म्हणून.”

घरी आल्यावर घसरखुर्ची बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर जुनी चादर पडली. दहा महिने त्या चादरीला कुणी हात लावला नाही. घरात बर्फाचा विषय निघाला की मास्तर लगेच जेवणाचं विचारायचे, इतकी सगळ्यांनी धास्ती घेतली होती.

आणि यंदा थंडी सुरू झाली तेव्हा लेकच एका संध्याकाळी म्हणाली, “एकदा जाईन. शेवटचं. पाळण्यात माझी मी बसणार. कुणाचा हात लागला, तर खुर्ची देऊन टाकायची आणि परत या घरात बर्फाचं नाव काढायचं नाही.”

“मान्य,” लिफ्टवाली म्हणाली. पोरगी बोलली म्हणजे बोलली. खुर्ची खरंच गेली असती, आणि उतारावरून खाली येतानाचा तिचा तो चेहराही गेला असता. अपघातानंतर तसा चेहरा आईने एकदाच पाहिला होता.

तर हिशेब असा होता. घसरखुर्चीला एक दांडा असतो. तो ओढला की बैठक वर उचलली जाते आणि मागून येणारा पाळणा तिच्याखाली सरकतो. बैठक पाळण्याच्या वर असली की माणूस आपोआप पाळण्यात बसतो, कुणी हात लावायची गरज नाही. बैठक खाली राहिली की पाळणा पाठीत बसणार. सगळा खेळ चार बोटांच्या उंचीचा, आणि तो पाळणा हळू यायला हवा. हॉटेलं, तलाव, डोंगराची उंची, सगळं गेलं खड्ड्यात. लिफ्टवालीला एक आकडा हवा होता, आणि तो आकडा कुणालाच माहीत नव्हता. एकाने तर सांगितलं, “काळजी नको, बाई, आमच्याकडे सहा माणसं आहेत.” त्याला तिने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी तिने आपल्या धंद्याची वाट धरली. लिफ्टचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार तिच्या तीस वर्षांच्या ओळखीचा. डोंगरावरच्या पाळण्यांचे भागही तोच पाठवायचा.

“गेल्या दोन वर्षांत वेग कमी करायचं यंत्र तुझ्याकडून कुणी कुणी नेलं, ते सांग,” तिने त्याला गाठून विचारलं.

दुकानदाराने कागद चाळले. “वेग वाढवायचं सगळे नेतात. कमी करायचं एकानेच नेलंय.” आणि त्याने ज्या देशाचं नाव घेतलं ते ऐकून लिफ्टवाली स्टुलावर बसलीच.

घरी मास्तर तर पोट धरून हसले. “अगं, तो देश मी सव्वीस वर्षं शिकवतोय. वाळू, ऊन आणि टरबुजं! मुलांनी परीक्षेत तिथं बर्फ पडतं असं लिहिलं तर मी शून्य देतो.”

“तुम्ही कधी गेला होतात?”

“भूगोल शिकवायला सगळीकडे जावं लागत नाही.”

“तरीच,” असं म्हणून तिने फोन फिरवला.

पलीकडे एक म्हातारा होता. पाळणा चालवायचा तोच, तिकीट द्यायचा तोच, फोन घ्यायचाही तोच. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तिसऱ्याच एका भाषेची दोघांनी मोडतोड केली, पण लिफ्टचा विषय असल्यामुळे कुठे अडलं नाही. तिने आपला प्रश्न विचारला. म्हातारा म्हणाला, “थांबा.” मग नुसता वारा ऐकू आला. बूट वाजले, दार आपटलं, कुणीतरी खोकलं. पाच मिनिटं गेली. मास्तर म्हणाले, “ठेवला बहुतेक त्याने.” लिफ्टवालीने त्यांना हातानेच गप्प केलं.

“सत्तेचाळीस,” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “पण ते सकाळचं. दुपारी बर्फ दबलं की पन्नास होतं. तुम्हाला कुठलं हवं?”

एका प्रश्नाला दोन आकडे! लिफ्टवालीला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. “काका, हळू चालवता ना?”

“माझ्या बायकोचे गुडघे गेलेत, तिला वर जायचं असतं. म्हणून तर ते यंत्र बसवलं. सांगाल तेवढं हळू चालवतो.”

दुसऱ्या दिवशी लेक लॅबला गेल्यावर लिफ्टवालीने कोपऱ्यातली चादर काढली, दांडा ओढून बैठक वर केली आणि टेप लावली. त्रेपन्न. पन्नासच्या वर तीन. लिफ्टच्या धंद्यात तीन सेंटिमीटर म्हणजे मैदान. तिने आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या, चादर होती तशी टाकली, अगदी तिची सुरकुती जुळवून टाकली, आणि ताकास तूर लागू न देता कामावर गेली.

संध्याकाळी तिने ठिकाण सांगितलं. वाटलं होतं, पोरगी हसेल नाहीतर भांडेल. तिने वही मागून घेतली, आकडे वाचले आणि म्हणाली, “ठीक आहे. हेच.”

मास्तर नकाशा उघडून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. “तीन हजार मीटरचा डोंगर दिसतोय खरा,” ते पुटपुटले. “या पुस्तकात इतका बारीक छापलाय की कुणाला दिसणार?”

आणि डिसेंबरात तिघं निघाले. विमानतळावर उतरले तेव्हा बाहेर लोक सदऱ्यावर फिरत होते. मास्तरांनी एक शब्द काढला नाही, पण त्यांचं ते न बोलणंच लिफ्टवालीला टोचत होतं. गाडी दोन तास तपकिरी मोकळ्या रानातून गेली. तिच्याही तोंडचं पाणी पळायला लागलं होतं. मग एका वळणावर डोंगर समोर आला, कमरेपासून वर पांढराशुभ्र, आणि मास्तर ओरडले, “अरे बापरे! आता किती पोरांचे मार्क वाढवायचे?” लेक खो खो हसली. प्रवासात ती पहिल्यांदाच हसत होती.

जागा अगदी साधी. एक लाकडी इमारत, एक उतार, एक पाळणा, दोन-दोन माणसांचा. म्हातारा काटकुळा होता, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि त्याच्या कोटाच्या खिशातून टेपचं टोक बाहेर आलं होतं. ते पाहून लिफ्टवालीचा जीव भांड्यात पडला. दोघांनी मिळून सकाळचं माप घेतलं. सत्तेचाळीस, बरोब्बर.

लेक काठ्या टेकत चढायच्या जागी आली. मागे दहाबारा माणसांची रांग. म्हाताऱ्याने वेग उतरवला, पाळणा गोगलगाईसारखा येऊ लागला. लेकीने दांडा ओढला. लिफ्टवाली चार पावलांवर उभी होती.

पाळणा आला आणि थाडकन तिच्या पाठीत बसला.

खुर्ची कलंडली. लेक आडवी पडली, एक काठी उडून लांब गेली. म्हाताऱ्याने बटण दाबलं, पाळणा थांबला, रांगेतले दोघं धावले, आणि त्या दोघांच्याही पुढे, हात पसरून, धावली ती तिची आई.

“हात नाही!” लेक बर्फातून ओरडली. “आई, तूसुद्धा नाही!”

लिफ्टवाली होती तिथे थांबली. पुढे आलेले हात परत घ्यायला किती जड जातात ते तिचं तिलाच माहीत. तिने वळून त्या दोघांनाही मागे रेटलं. लेक एका काठीवर जोर देऊन, दात खाऊन, दोनदा घसरून तिसऱ्यांदा खुर्चीसकट सरळ झाली. कानशिलावर बर्फ, चेहरा लालबुंद.

“माप चुकलंय,” ती म्हणाली.

“शक्यच नाही. त्रेपन्न आहे. मी स्वतः घेतलंय.”

“घे परत.”

लिफ्टवालीने गुडघे टेकले आणि टेप लावली. सेहेचाळीस. तिने पुन्हा लावली. सेहेचाळीस. सात सेंटिमीटर गेले कुठे? आणि मग तिचं लक्ष खालच्या स्प्रिंगकडे गेलं. लेकीच्या वजनाने स्प्रिंग दबली होती. दबणारच! त्यासाठीच ती असते.

तिने कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षं ती शिकाऊ पोरांना एकच गोष्ट घोकवत होती: लिफ्टच्या रिकाम्या डब्याचं माप घ्यायचं नाही. डब्यात माणसांइतकं वजन भरायचं, मग मजल्याशी उंची जुळवायची. एकाने रिकाम्या डब्याचं माप लिहिलं तेव्हा तिने त्याची वही खिडकीबाहेर फेकली होती. आणि पोटच्या पोरीच्या खुर्चीचं माप तिने घेतलं ते रिकाम्या खुर्चीचं.

“आई, तू रिकामी मोजलीस?”

“हो.”

“का?”

काय सांगणार? लिफ्टवालीला खोटं बोलता येत नव्हतं, निदान मापाच्या बाबतीत तरी नाही. “तू लॅबला गेली होतीस. भरलेली मोजायची तर तुला बसायला सांगावं लागलं असतं. चादर काढून बस म्हणायचा मला धीर झाला नाही. तू पुन्हा नाही म्हणालीस तर, अशी भीती वाटली.”

“मी बसले असते.” लेक म्हणाली. “जगातल्या सगळ्या लिफ्टवाल्यांना तू फोन केलास. पाळणा किती उंच, वेग किती, सगळं विचारलंस. मी त्याच घरात होते, आई. शेजारच्या खोलीत. मला एकदा विचारायचं होतंस.”

रांगेत चुळबुळ सुरू झाली होती, कुणीतरी घड्याळ पाहत होतं. म्हातारा जवळ येऊन हळूच म्हणाला, “चार माणसं बोलावू का? पटकन होईल.”

“नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

लिफ्टवाली उठली नाही. तशीच गुडघ्यावर, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीला राहून तिने विचारलं, “मग आता तू सांग. काय करू?”

लेकीने नाक पुसलं, पाळण्याकडे पाहिलं, खाली बर्फाकडे पाहिलं. रोज सकाळी लॅबमध्ये ती हेच करायची. वरचा जबडा, खालचा जबडा, मध्ये किती फट.

“पाळणा खाली येणार नाही, खुर्ची आणखी वर जाणार नाही,” ती म्हणाली. “मग माझ्याखाली भर घाला. कवळीची उंची कमी पडली की आम्ही हेच करतो. पण एकदम नाही. थोडी घालायची, दाबायची, जुळवून बघायची. एकदम घातली की सगळं वाया जातं.”

खुणांवरूनच म्हाताऱ्याला ते पटकन कळलं. त्याने दोन फावडी आणली, एक लिफ्टवालीच्या हातात दिलं. पहिला थर. तिने तो बुटांनी तुडवून फरशीसारखा घट्ट केला. म्हाताऱ्याने पाळणा अगदी सावकाश पुढे घेतला, लेक बाजूला थांबून काठीने इशारे करत होती. “अजून.” दुसरा थर. “डावीकडे उतरता झालाय, सपाट करा.” लिफ्टवालीने सपाट केला. घामाने तिचा स्वेटर पाठीला चिकटला. मास्तरही कुठून तरी आले आणि पायाने बर्फ दाबू लागले. त्यांनी नेमकं चुकीच्या जागी दाबलं म्हणून ओरडा खाल्ला. तिसरा थर. लेक त्यावर चढली, दांडा ओढला, आणि या वेळी आईने टेप लावली ती भरलेल्या खुर्चीला. मूळच्या बर्फापासून एकावन्न.

“अजून एक बोट,” लेक म्हणाली.

आईने ते एक बोट घातलं.

पाळणा आला. लेकीने मान वळवली, काठ्या रोवल्या, आणि लिफ्टवालीने दोन्ही हात आपल्या काखेत घट्ट दाबून धरले, सुटायला नकोत म्हणून. पाळण्याची कड बैठकीखाली सरकली. खुर्ची अलगद मागे टेकली, पट्टी बर्फावरून उचलली गेली, आणि पोरगी निघाली. एकटी. लेकीने स्वतःच पाळण्याचा समोरचा दांडा ओढून घेतला, मागे वळूनही पाहिलं नाही. रांगेतला एक जाड गृहस्थ वैतागून म्हणाला, “झालं का? चला, चला, पुढे सरका.”

लिफ्टवालीला त्याला मिठी मारावीशी वाटली.

पाळणा तीन खांब ओलांडून गेला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “वर!” ती किंचाळली. “काका, वर उतरायची जागा! उतार किती आहे तिथे? मी विचारलंच नाही! तुम्ही पाळणा थांबवा, मी—” लिफ्टला दोन टोकं असतात. चढायचं एक आणि उतरायचं एक. दोन महिने तिने चढायच्या टोकावर डोकं फोडलं होतं, आणि उतरायच्या टोकाचा विचारही केला नव्हता.

म्हाताऱ्याने बटणावर हात ठेवला नाही. शांतपणे कानटोपी मागे सारली. “वरचं ठीक आहे. उतार मी दोन फुटांनी वाढवून घेतलाय.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमच्या मुलीने. नोव्हेंबरात तिचे तीन फोन आले. वर उतरताना किती झुकाव आहे, वळायला जागा किती, बर्फ कडक असतं की मऊ. मी दर वेळी टेप घेऊन वर गेलो.” त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “ती म्हणाली, खालचं आई बघतेय, तिला सांगू नका, ती उगाच काळजी करते. बाई, तुम्ही दोघी एका घरात राहता ना?”

लिफ्टवाली फावड्यावर रेलून उभी राहिली. मास्तर तिच्या शेजारी आले. काही विचारू नये एवढी अक्कल त्यांना होती. तिला रडू फुटलं आणि ती सरळ रडली, कुणापासून काही लपवलं नाही. पोरगी नोव्हेंबरपासूनच स्वतः मापं घेत बसली होती. आणि आपण चादरीची सुरकुती जुळवत बसलो.

वर, उताराच्या माथ्यावर, एक ठिपका दिसला. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग वेग घेतला. मास्तर म्हणाले, “अगं, फार जोरात येतेय ती!”

“येऊ दे,” लिफ्टवाली म्हणाली.

लेक भरधाव खाली आली, दोन्ही काठ्या टेकून करकचून वळली, आणि बर्फाचा फवारा मास्तरांच्या पँटवर उडाला. चेहऱ्यावर तेच, जे आईने एकदाच पाहिलं होतं. तिने श्वाससुद्धा नीट घेतला नाही, सरळ रांगेच्या शेवटाला, त्या जाड गृहस्थाच्या मागे जाऊन थांबली.

लिफ्टवालीने डोळे पुसले. फावडं उचललं आणि रांगेपर्यंत गेली. शंभर सूचना ओठांवर आल्या होत्या. टोपी नीट घाल, इतक्या जोरात येऊ नकोस, काहीतरी खा. त्या सगळ्या तिने गिळल्या.

“भर बरोबर आहे का?” तिने विचारलं.

लेकीने जरा विचार केला. “एक सेंटिमीटर जास्त झालीय. पाळणा खालून टेकताना झटका देतो.”

“काढू?”

“काढ.”

आणि लिफ्टवाली जाऊन एक सेंटिमीटर बर्फ काढायला लागली.